भित्र्या मास्तराचा चित्रपट आणि त्यामागचा फ्रान्स

पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मारक. त्याच्या पायथ्याशी पडलेले वर्तमानपत्र आणि त्यावर हिटलरच्या आक्रमणाचा मथळा. मग गावात शिरणारे जर्मन सैन्य. १९४३ सालचा ‘दिस लँड इज माइन’ हा चित्रपट असा सुरू होतो. गावाला नाव नाही, देशाला नाव नाही, पडद्यावर फक्त ‘युरोपात कुठेतरी’ एवढेच येते. पण दिग्दर्शक ज्याँ रन्वार फ्रेंच होता, आणि आपल्या देशाने १९४० च्या उन्हाळ्यात काय केले हे त्याच्या मनातून गेलेले नव्हते. तो उन्हाळा ठाऊक नसेल तर हा चित्रपट युद्धकाळात निघालेल्या ठीकठाक प्रचारपटांपैकी एक वाटतो. ठाऊक असेल तर त्यातले जवळजवळ प्रत्येक पात्र ओळखीचे निघते.

गोष्ट शाळामास्तर आल्बर्ट लोरीची. चाळिशी उलटली तरी आईच्या पदराआडून न निघालेला, बॉम्बहल्ल्यात मुलांसमोर थरथर कापणारा हा माणूस चार्ल्स लॉटनने उभा केला. हाच लॉटन पहिल्या महायुद्धात खंदकांत लढला होता आणि त्याला विषारी वायूची बाधाही झाली होती. भीती शरीरात कुठे बसते हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता १९४०. जर्मनीने १० मे रोजी पश्चिमेकडे हल्ला चढवला आणि १४ जूनला पॅरिस पडले. १७ जूनला नुकताच सरकारप्रमुख झालेल्या ८४ वर्षांच्या मार्शल पेतांने रेडिओवरून लढाई थांबवण्याची भाषा केली, दुसऱ्या दिवशी लंडनहून जनरल द गॉलने लढत राहण्याचे आवाहन केले. त्या आठवड्यात पेतांचे ऐकणारे कोट्यवधी होते, द गॉलचे मूठभर. २२ जूनला कोंपिएन्यच्या रानात, १९१८ मध्ये जर्मनांनी ज्या रेल्वेच्या डब्यात शरणागती पत्करली होती त्याच डब्यात, युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. १० जुलैला विशी इथे जमलेल्या लोकप्रतिनिधींनी ५६९ विरुद्ध ८० मतांनी पेतांच्या हाती सगळी सत्ता दिली. प्रजासत्ताक कोणी बंदुकीच्या जोरावर हिसकावून घेतले नाही, मतदान करून सोपवले गेले.

आणि पेतां म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दंच्या लढाईचा वीर. तेव्हा ज्याने फ्रान्स राखला तोच आता सहकार्य करा म्हणतो, तर त्यात लाज कसली, असा विचार हजारो सभ्य माणसांनी केला. ऑक्टोबरमध्ये मोंत्वार इथे त्याने हिटलरशी हस्तांदोलन केले आणि काही दिवसांतच रेडिओवरून सहकार्याचा मार्ग जाहीर केला. देश व्यापून बसलेल्या जर्मन सैन्याच्या खर्चापोटी फ्रान्स रोज ४० कोटी फ्रँक मोजत होता, सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक युद्धकैदी झाले होते. तरीही नगरपालिका चालत होत्या, आगगाड्या वेळेवर सुटत होत्या, पोलीस पहाऱ्यावर होते. परक्यांची सत्ता अशी स्थानिक हातांनीच चालली.

म्हणूनच रन्वारच्या चित्रपटातले खरे भयंकर लोक गणवेशातले नाहीत. गावाचा नगराध्यक्ष आपली मालमत्ता आणि सुव्यवस्था सांभाळतो. रेल्वे यार्डाचा प्रमुख लँबर्ट (जॉर्ज सँडर्स) तर मनापासून मानतो की शिस्तीची नवी राजवट गावाच्या भल्याचीच आहे. सहकार्य करणाऱ्याला पैशाचा लोभी दाखवणे सोपे होते, इथे तो विचारांनी वाहवलेला दाखवला आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे सगळ्यात धाडसी पाऊल हेच. लोरी बॉम्बला भितो, तेही सगळ्यांसमोर. लँबर्ट आणि नगराध्यक्षाच्या भित्रेपणाला मात्र समंजसपणाचा मुखवटा आहे. चित्रपटाचे सगळे वजन या फरकावर तोललेले आहे.

नायक मास्तरच का, याचेही मूळ इतिहासात आहे. पराभवाचे खापर पेतांच्या सरकारने, म्हणजे विशी सरकारने, सरकारी शाळांच्या शिक्षकांवर फोडले. त्यांनीच मुलांना देव-देश विसरायला लावले, असा ठपका ठेवून शिक्षक तयार करणारी महाविद्यालये बंद केली. ३ ऑक्टोबर १९४० च्या कायद्याने ज्यू शिक्षकांना नोकरीतून काढले. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ जाऊन ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’ आले. चित्रपटात मुलांकडून इतिहासाच्या पुस्तकांतली पाने फाडून घेतली जातात आणि लोरीची सहशिक्षिका लुईझ (मॉरीन ओ’हारा) ती जपून ठेवते. शेवटी लोरी वर्गात वाचून दाखवतो तो १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. विशीने गुंडाळून ठेवलेला नेमका तोच वारसा आहे.

शाळा ही खरोखरच रणभूमी झाली होती, आणि ती फ्रान्सपुरती नव्हती. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेत नाझींच्या आधाराने चालणाऱ्या क्विस्लिंगच्या सरकारने शिक्षकांना नाझी धर्तीच्या संघटनेत सक्तीने भरती करायचे ठरवले. देशातल्या बहुसंख्य शिक्षकांनी जवळपास सारख्याच शब्दांतली नकाराची पत्रे पाठवली. हजाराच्या वर शिक्षक पकडले गेले, त्यांतल्या कित्येकांना थेट उत्तर टोकाच्या किर्केनेसला मजुरीला पाठवले, तरी ती योजना शेवटी बारगळलीच. त्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात बंदूक हाती धरली नसेल.

चित्रपटातला ओलिसांचा भागही जसाच्या तसा वास्तवातला आहे. २० ऑक्टोबर १९४१ ला नांत शहरात जर्मन लष्करी अधिकारी कार्ल हॉट्झ मारला गेला. दोनच दिवसांनी त्याच्या बदल्यात ४८ ओलिसांना गोळ्या घातल्या. त्यांतले २७ जण शातोब्रियांच्या छावणीतले होते, त्यांच्यात १७ वर्षांचा गी मोके होता. घातपात कोणी केला हे न सापडल्यावर निरपराधांचे जीव घ्यायचे, म्हणजे गावच एकमेकांवर नजर ठेवू लागते. चित्रपटात नेमके हेच घडते. ओलीस धरलेल्या लोरीला सोडवण्यासाठी त्याची आई लँबर्टजवळ लुईझच्या भावाचे नाव घेते आणि त्या भावाचा जीव जातो. आईच्या प्रेमापोटी झालेली ही फितुरी पाहताना जीव कासावीस होतो, कारण तिला दोष देणेही जमत नाही.

रन्वार स्वतः १९४० च्या अखेरीस लिस्बनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचला. माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टीने त्याला येण्यासाठी मदत केली होती. ‘ला ग्रांद इल्यूझियों’सारख्या युद्धविरोधी चित्रपटामुळे नाझींच्या राज्यात त्याला जागा नव्हतीच. त्याचा मुलगा आलँ पुढे अमेरिकन सैन्यात दाखल झाला. व्याप्त देशातले रोजचे जगणे किती अवघड असते हे दूर बसलेल्या अमेरिकनांना कळावे म्हणून आपण हा चित्रपट केला, असे रन्वार सांगत असे. पटकथा आणि निर्मितीत त्याचा जोडीदार होता डडली निकोल्स. १९३५ मध्ये आयरिश लढ्यातल्या एका खबऱ्याची गोष्ट पडद्यासाठी लिहिणारा तो हाच. फितुरी करणाऱ्याच्या मनात शिरायची सवय त्याला आधीपासून होती.

हॉलीवूडच्या आरकेओ कंपनीचा हा चित्रपट मे १९४३ मध्ये प्रदर्शित झाला, चांगला चालला आणि ध्वनिमुद्रणाचे ऑस्करही त्याला मिळाले. फ्रान्समध्ये तो १९४६ साली पोहोचला आणि तिथे मात्र त्याच्यावर टीकेची झोड उठली. हॉलीवूडच्या सेटवरचे गाव आणि इंग्रजी बोलणारे गावकरी प्रेक्षकांना खोटे वाटले, आणि ते समजण्याजोगे आहे. पण दुसरे कारण अधिक खोल होते. मुक्त झालेल्या फ्रान्सला आपण सगळेच प्रतिकारात होतो असे मानायचे होते, आणि त्या वेळी हा परदेशी गेलेला दिग्दर्शक नगराध्यक्ष आणि यार्डप्रमुख पुढे करत होता.

ते चित्र पचायला फार काळ गेला. मार्सेल ओफ्युल्सच्या क्लेरमों-फेराँ शहरावरच्या माहितीपटाने सहकार्याचा विषय उघडा केला, पण फ्रेंच दूरचित्रवाणीवर तो १९८१ पर्यंत येऊ शकला नाही. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधल्या तेरा हजारांवर ज्यूंना फ्रेंच पोलिसांनीच पकडले होते. त्याची जबाबदारी फ्रेंच राज्याची होती हे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केले ते १६ जुलै १९९५ ला.