राखीव जागा वेगळी, पॉझिटिव्ह ॲक्शन वेगळं

"ते आमच्या मुलीसाठी नाही हो, आपण काय मागास आहोत का?" हे वाक्य लंडनमधल्या इतक्या मराठी घरांत ऐकलंय की आता लिहायलाच बसलेय.

विषय असा की इथले मुलांची पुस्तकं काढणारे प्रकाशक शाळेतल्या पोरांना, बहुतेक इयर टेन किंवा इयर ट्वेल्व्हच्या (म्हणजे साधारण चौदा-पंधरा किंवा सोळा-सतरा वर्षांच्या), आठवडा-दोन आठवडे ऑफिसात वर्क एक्स्पीरियन्सला घेतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'अंडर-रिप्रेझेंटेड' मुलांसाठी, आणि आपण लगेच डोक्यात त्याचं भाषांतर करतो 'मागासवर्गीय'. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आरक्षण तुम्हाला माहितीये, शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखल्या तिथपासून, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. जागा मोजून राखलेल्या, प्रवर्ग सरकारने ठरवलेला, आणि दाखला लागतो, एवढं पुरे.

इथे मोजमापच वेगळं आहे. तुमचं घर मागे आहे का हा प्रश्नच नसतो, या धंद्यात तुमच्यासारखी माणसं कमी आहेत का हा असतो. म्हणजे बाबा डॉक्टर असले तरी प्रकाशकाच्या ऑफिसात तुमच्या मुलीसारखं कुणी दिसत नसेल तर ती अंडर-रिप्रेझेंटेड असू शकते. काही योजना मात्र उत्पन्नावर असतात, फ्री स्कूल मील्स (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना शाळेत मिळणारं मोफत जेवण) मिळतात का असं विचारतात, तिथे डॉक्टरांच्या मुलीने अर्ज करू नये. जाहिरात नीट वाचा, हाच त्याला उपाय.

कमी म्हणजे किती कमी, तर ऑफिसातल्या माणसांचा नाही पण पुस्तकांतल्या पात्रांचा आकडा सांगते. सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन या प्राथमिक शाळांतल्या वाचन-लेखनावर काम करणाऱ्या संस्थेने २०१८ साली काढलेल्या अहवालात ब्रिटनमध्ये २०१७ साली निघालेली मुलांची ९११५ पुस्तकं मोजली होती, त्यातल्या फक्त ३९१ पुस्तकांत कृष्णवर्णीय, आशियाई किंवा इतर अल्पसंख्य वंशाचं एखादं तरी पात्र होतं, म्हणजे ४ टक्के, आणि मुख्य पात्र तसं असलेली पुस्तकं १ टक्का. नंतरच्या वर्षांत आकडा वाढला, पण सुरुवात तिथून आहे.

आता जिथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते. मागच्या जुलैत आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात इयर ट्वेल्व्हची एक मराठी मुलगी आली होती, आठवडा संपल्यावर तिच्या आईने मला विचारलं, "मग आता पुढे नोकरीला कोटा लागेल ना?" नाही लागणार. ब्रिटनमध्ये इक्वॅलिटी ॲक्ट २०१० हा समानतेचा कायदा आहे, त्याच्या १५८व्या कलमात असं की एखाद्या गटाचा सहभाग फार कमी असेल तर त्यांना पुढे यायला मदत करणारी पावलं उचलता येतात, पण गरजेच्या प्रमाणातच. यालाच पॉझिटिव्ह ॲक्शन म्हणतात. ट्रेनिंग, ओळख करून देणं, वर्क एक्स्पीरियन्स, हे सगळं त्यात बसतं. पण नोकरी राखून ठेवणं बसत नाही. नोकरीसाठी वेगळं १५९वं कलम आहे आणि ते फार अरुंद आहे, दोन उमेदवार सारख्याच लायकीचे ठरले तरच कमी प्रतिनिधित्व असलेल्याला निवडता येतं, आणि तेसुद्धा दर वेळी त्यालाच घ्यायचं असं आधी ठरवून ठेवता येत नाही. उंबरठ्यापर्यंत हात धरून आणता येतं, पुढे बाकीच्यांसारखाच अर्ज, बाकीच्यांसारखाच इंटरव्ह्यू. म्हणून कुणी "कोट्यातून गेली" म्हटलं की मला खरंच राग येतो, तिला नोकरी दिलेली नाही, खोली दाखवलीय.

आणि त्या खोलीत ती काय करते तेही सांगते. डिझाइनच्या टेबलावर ३२ पानी चित्रपुस्तकाची प्रुफं पसरलेली होती, मी त्या पुस्तकावर नव्हते, ज्यांच्याकडे होतं त्या पाच जणांनी रंग, कडा, मजकुराची जागा सगळं तपासलेलं. एका जोडपानावर आजी देवासमोर निरांजन ओवाळतेय. ही पोरगी जरा वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजीच्या पायात चपला आहेत." कुणालाच दिसल्या नव्हत्या, म्हणजे दिसल्या होत्या पण त्यात काही चुकतंय हे कळलं नव्हतं. चित्रकाराने पाय पुन्हा काढले आणि मग फाइल छपाईला गेली.

पैशाचं थोडक्यात: सक्तीच्या शाळेच्या वयात किमान वेतन लागू होत नाही आणि नुसतं बघायला बसवलं असेल तर मोठ्यांनाही नाही, पण प्रवासखर्च देतात का हे विचारा, त्यात लाज नाही.

फॉर्मवर वंशाचा रकाना असतो, तिथे आपलं आपण लिहायचं, जातीचा दाखला वगैरे कुणी मागत नाही. आणि कृपा करून फॉर्म मुलीलाच भरू द्या. आईबाबांनी लिहिलेला 'मला वाचनाची प्रचंड आवड आहे' हा परिच्छेद दुसऱ्या ओळीतच ओळखू येतो, त्यापेक्षा तिने शेवटी वाचलेल्या पुस्तकातलं तिला काय खटकलं ते दोन ओळीत तिच्या शब्दांत लिहिलेलं मला हजारपट चालेल.