ऑसिओला की ईस्टर्न: कोणती टर्की जास्त अवघड?

अमेरिकेत वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. फ्लोरिडातली ऑसिओला टर्की मिळवणं अवघड, की उरलेल्या पूर्व अमेरिकेतली ईस्टर्न? दिसायला दोन्ही इतक्या सारख्या की नवख्याला फरक सांगता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. मला वाटतं, या वादात दोन वेगळ्या अडचणींची सरमिसळ होते. पक्ष्यापर्यंत पोचणं ही एक आणि समोर आलेल्या पक्ष्याला चकवणं ही दुसरी. ऑसिओलाचा नावलौकिक बराचसा पहिल्या अडचणीतून आलाय, ईस्टर्नचा दुसरीतून.

आधी ओळख. रानटर्कीची जात एकच, तिच्या उपजाती सहा. त्यांतल्या ईस्टर्न, ऑसिओला, रिओ ग्रँडे आणि मेरियम या चारही मिळवल्या की शिकारी त्याला 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. ईस्टर्नचा मुलूख प्रचंड आहे: उत्तरेला मेनपासून खाली फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत आणि पश्चिमेला मिझुरीच्याही पलीकडे. ऑसिओला मात्र जगात फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात आहे. १८९० मध्ये डब्ल्यू. ई. डी. स्कॉट यांनी तिचं वर्णन केलं आणि सेमिनोल लोकांचा लढवय्या नेता ऑसिओला याचं नाव तिला दिलं. दोघींच्या शेपटीची कड गडद तपकिरी असते, म्हणून फरक पंखात शोधायचा. ईस्टर्नच्या मोठ्या पिसांवर काळे-पांढरे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे असतात. ऑसिओलाच्या पिसांवर पांढरे पट्टे अरुंद आणि तुटक, त्यामुळे मिटलेला पंख काळपट दिसतो. ऑसिओलाचा नर अंगाने लहान, ९ किलोच्या वर क्वचितच जातो, पण त्याचे पाय लांब. पायामागचं टोकदार नखही लांब आणि तीक्ष्ण असतं. वाळूत-चिखलात ते फारसं झिजत नाही, असं कारण दिलं जातं. उत्तर फ्लोरिडात दोन्ही उपजातींची सरमिसळ आहे. तिथे पिसं बघून निवाडा होत नाही, म्हणून विक्रमांच्या नोंदी ठेवणारी नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन पक्षी कोणत्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मिळाला यावरून त्याची उपजात ठरवते.

आता चकवण्याबद्दल, कारण खरी विद्या तिथे आहे. टर्कीचा नर पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरून, म्हणजे रात्री बसायच्या जागेवरून, गडगडाटासारखी साद देतो, आणि निसर्गाचा नियम असा की माद्या त्याच्याकडे चालत जातात. शिकारी मादीचा आवाज काढून नराने आपल्याकडे यावं म्हणून बसलेला असतो, म्हणजे त्याची मागणीच उलटी. लाकडी पेटी, पाटीवर घासायची काडी, तोंडात ठेवायचा पडदा, कुठलंही साधन वापरा, ही उलटी बाजू बदलत नाही. त्यातून नराबरोबर आधीच माद्या असतील तर त्याला हलायचं कारणच नसतं. माद्या अंड्यांवर बसायला गेल्या की उशिराच्या सकाळी एकटा पडलेला नर जास्त ऐकतो. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, पण नजर भयंकर तेज, रंगही दिसतात. छऱ्यांची बंदूक खात्रीने चालते ती ३५-४० मीटरपर्यंत. तेवढ्या अंतरात त्याला आणायचं आणि तोवर बोटही हलवायचं नाही.

या कसोटीवर ईस्टर्न सर्वांत खडतर, असं माझं मत आहे. एप्रिल-मेमध्ये पूर्वेकडच्या पानगळीच्या जंगलाला पालवी फुटते, आवाज दबतो, दूरचं दिसत नाही. नर साद देत देत शंभर मीटरवर येतो आणि एखादा ओहोळ, कुंपण किंवा लहानशी घळ मध्ये आली की थांबतो. तिथेच पिसारा फुलवून तो तासभर फिरेल, पण ओलांडणार नाही. मादी खरंच असेल तर ती दिसायला हवी, एवढं त्याचं गणित. वर शिकाऱ्यांचा ताण. पेन्सिल्वेनिया किंवा टेनेसीच्या सार्वजनिक जंगलात दोन आठवड्यांत नराने इतकी बनावट हाक ऐकलेली असते की तिसऱ्या आठवड्यात तो झाडावरून एकदाच बोलतो आणि खाली उतरल्यावर गप्प होतो. गप्प नराचा माग काढणं हीच ईस्टर्नची खरी परीक्षा.

ऑसिओलाही कमी बोलते, असं फ्लोरिडातले जुने शिकारी सांगतात. पण तिची मोठी अडचण जमिनीची आहे. तिचा रातथारा बहुधा पाण्यात उभ्या असलेल्या सायप्रसच्या झाडांवर असतो. अंधारात तिथपर्यंत जायचं म्हणजे दलदल, पामेटोची दाट झुडपं, डासांचे ढग, आणि कॉटनमाउथ, डायमंडबॅकसारखे विषारी साप. पक्षी पाण्यावरून कोणत्या बाजूला उतरेल हे आधी कळत नाही. उतरल्यावर मात्र तो बरेचदा गुरांच्या मोकळ्या कुरणात येतो, आणि तिथे त्याची रोजची वाट माहीत असलेला माणूस शांत बसून राहिला तर काम होतं. अशी कुरणं बहुतेक खासगी मालकीची. देशातल्या सर्वांत आधीच्या वसंत मोसमांपैकी एकही इथलाच: राज्य मार्ग ७० च्या दक्षिणेला मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. हिवाळाभर वाट बघत बसलेले उत्तरेकडचे शिकारी आणि ग्रँड स्लॅमसाठी ही एकच उपजात बाकी असलेले, सगळे अर्ध्या राज्यावर एकदम उतरतात. म्हणून मार्गदर्शकासह शिकारीचा खर्च हजारो डॉलरांत जातो. ग्रीन स्वॅम्पसारख्या सरकारी क्षेत्रांत जायचं तर बहुतेकदा सोडतीत परवाना लागावा लागतो, आणि अशा बऱ्याच ठिकाणी बंदूक दुपारी एकलाच खाली ठेवावी लागते.

म्हणजे पैसे मोजून चांगल्या खासगी कुरणावर गेलेल्याला ऑसिओला सोपी वाटू शकते, आणि त्याच माणसाला पुढच्या महिन्यात अलाबामाच्या सार्वजनिक जंगलात ईस्टर्न रडवू शकते. सोडतीच्या परवान्यावर दलदलीत उतरलेला माणूस मात्र नेमकं उलट सांगेल, आणि त्याचंही खरं असेल.

रिओ ग्रँडे आणि मेरियम या दोघींना शिकारी सोप्या म्हणतात, आणि ते फारसं चुकीचं नाही. टेक्सास-ओक्लाहोमातली रिओ मोकळ्या माळावर थव्याने फिरते, भरपूर बोलते. पश्चिमेच्या पाइनच्या डोंगरांतली मेरियम, जिच्या शेपटीची कड जवळजवळ पांढरी, दूरवरच्या हाकेलाही येते. तिथे माणसाचे फुप्फुस आणि पाय थकतात, पक्षी फार छळत नाही.

सुरक्षिततेची एक गोष्ट दोन्ही पक्ष्यांना सारखी लागू. नराचं डोकं मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरं, निळं होतं. १६१२ मध्ये मुघल दरबारातल्या मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर बादशहाही याच रंगबदलाने थक्क झाला होता आणि त्याने त्याची तुलना सरड्याशी केली. (तो पाळीव पक्षी होता, मूळ मेक्सिकोतल्या उपजातीचा.) शिकाऱ्याने या तीनपैकी एकही रंग अंगावर घालायचा नाही, हातरुमालसुद्धा नाही. मादीचा हुबेहूब आवाज काढणाऱ्या माणसाच्या दिशेने दुसरा शिकारी दबकत येत असतो, आणि झुडपात लाल ठिपका दिसला की तो बंदूक उचलू शकतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हा छंद आपल्याकडच्या लोकांना लागतो तो बहुधा तिकडे गेल्यावर. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर लक्षात ठेवा की अमेरिकेचा संघीय कायदा तुम्हाला एरवी बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. फ्लोरिडात १ जून १९७५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकार सुरक्षिततेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. पहिल्याच वर्षी ऑसिओलाच्या मागे धावू नका. राहत्या राज्यात ईस्टर्न असेल तर तिच्यामागे दोन-तीन मोसम घालवा, जमिनीची परवानगी मागायला शेतकऱ्यांची दारं ठोठवा, पहाटे नुसतं ऐकायला जा. फ्लोरिडाच्या सोडतीत नाव मात्र आजपासूनच घालायला हरकत नाही, कारण तो क्रमांक लागायला वेळ लागतो.