मुळा-चीज सँडविच: लाल मुळ्याचं वेगळं, पांढऱ्याचं वेगळं

मुळ्याच्या पातळ चकत्या, ब्रेडला चीज, वरून मीठ-मिरपूड. एवढीच कृती वाचून आपण मंडईतून पांढऱ्या मुळ्याची जुडी आणतो, चकत्या करतो, मधे चीजची स्लाइस घालतो आणि डबा भरतो. दुपारी डबा उघडला की ब्रेड खालून ओलागच्च, चीज ओलसर आणि वास असा की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात. मग घरात कायमचा निकाल लागतो: मुळा सँडविचमध्ये चालत नाही.

चालतो, आणि छान चालतो. फक्त ती कृती त्या मुळ्याची नसते. बाहेरच्या देशांतल्या पाककृतीत नुसतं ‘रॅडिश’ लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा तो सुपारीपासून छोट्या लिंबाएवढा, लाल सालीचा, आतून पांढराशुभ्र गोल मुळा असतो. आणि तिथलं ‘चीज’ म्हणजेही बऱ्याचदा बोटाने पसरवता येईल असं मऊ क्रीम चीज असतं, आपल्या फ्रिजमधला क्यूब नाही. दोन्ही नावं तीच, दोन्ही वस्तू वेगळ्या. म्हणून फसगतही दुहेरी होते.

वनस्पती म्हणून दोघे एकच, राफॅनस सटायव्हस, मोहरीच्या कुळातले. लाल गोल मुळा पेरल्यापासून 25-30 दिवसांत काढतात, कोवळा आणि कुरकुरीत असतानाच. लांब पांढऱ्याला जास्त दिवस लागतात. उन्हाळ्या-पावसाळ्यातही येणारी ‘पुसा चेतकी’ ही जात 40-45 दिवसांत तयार होते. दोघांतही पाणी शेकडा 90च्या वरच. पण लालच्या अखंड, पातळ चकतीतलं पाणी चकतीतच राहतं, निदान खाऊन होईपर्यंत. पांढरा मोठा, एका सँडविचमध्ये त्याचं प्रमाणही जास्त होतं, आणि मीठ लागलं की तो पाणी सोडतच राहतो.

उग्रपणाची गोष्टही समजून घेण्यासारखी आहे, कारण चिरायचं की किसायचं हे तिच्यावरच ठरतं. मुळ्याच्या पेशीत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की ते एकमेकांना भेटतात आणि मोहरीसारखा नाकात जाणारा झोंबरेपणा तयार होतो. म्हणजे अख्खा मुळा शांत असतो, चिरलेला जरा बोलतो आणि किसलेला ओरडतो. सालीजवळ हा उग्रपणा जास्त. लाल मुळ्याची साल काढली तर त्याचं रूपच गेलं, म्हणून तो सालीसकट घ्यायचा आणि धारदार सुरीने, रुपयाच्या नाण्याहून पातळ कापायचा. जास्तच झोंबत असेल तर चकत्या दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवाव्यात. सौम्यही होतात आणि कडक कुरकुरीतही. नंतर स्वच्छ फडक्यावर कोरड्या करायला मात्र विसरू नका.

त्याचं सँडविच गारच खायचं. ब्रेडला कडेपर्यंत लोणी, त्यावर क्रीम चीज किंवा चीज स्प्रेड. दोन्ही नसेल तर घट्ट चक्का, चिमूटभर मीठ घालून फेटलेला. मला तर चक्काच जास्त आवडतो, त्याची आंबट चव मुळ्याला धरून राहते. चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक मांडायच्या आणि मीठ अगदी ताटात घेताना भुरभुरायचं. फ्रान्समध्ये हाच मुळा नुसता लोणी-मिठाबरोबर खातात, त्यामागचं कारणही हेच: स्निग्ध पदार्थ तिखटपणा गोल करतो, आणि ब्रेडवर लोण्याचा थर असला की ओल आत शिरत नाही. हे सँडविच टोस्टरमध्ये घालू नका. चकत्या लुळ्या पडतात, सालीचा रंग उतरतो आणि ज्या करकरीतपणासाठी तो महागाचा मुळा आणला तोच जातो.

आता पांढरा. माझा जीव खरं तर याच्यात आहे. लाल मिळाला नाही म्हणून पांढरा, असं त्याच्याकडे बघू नका. त्याला त्याचं स्वतःचं सँडविच आहे आणि ते गरमच खायचं.

आपल्याकडे मुळ्याची कोशिंबीर करणाऱ्या प्रत्येक घरात याची अर्धी विद्या आधीपासून आहे. दोन सँडविचना साधारण 150 ग्रॅमचा एक मुळा साल काढून जाड भोकांच्या किसणीवर किसावा, अर्धा छोटा चमचा मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. मग मुठीत घेऊन पिळायचा. पहिल्या पिळण्याला बोटांच्या फटींतून धार लागते. थांबायचं, कीस मोकळा करायचा आणि पुन्हा पिळायचं. दुसऱ्यांदा थेंब थेंब येतं, तेवढं पुरे. मूठ उघडली की मुठीच्या आकाराचा गोळा तसाच राहतो आणि बोटाने टोचला की सुटतो, ही खूण. डोंगराएवढा दिसणारा कीस निम्म्यावर आलेला असतो. जर्मनीत बव्हेरियाकडे बिअरबरोबर पांढरा मुळा खातात, तो सर्पिल कापून मीठ लावून ठेवतात आणि ‘मुळा रडला पाहिजे’ असं म्हणतात. आपण ‘पाणी सुटलं पाहिजे’ म्हणतो. युक्ती एकच.

या पिळलेल्या किसात दोन क्यूब किसलेलं प्रोसेस्ड चीज, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि भरड मिरपूड. मीठ पुन्हा घालू नका, मुळ्यात राहिलेलं असतं आणि चीजमध्येही असतं. इथे क्यूबच हवा. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेल्या क्षारांमुळे ते तापल्यावर तेल न सोडता एकसारखं वितळतं आणि मुळ्याच्या कणांना बांधून ठेवतं. पनीर कितीही तापवलं तरी वितळत नाही, त्यामुळे पनीर घातलं तर खाताना सारण ताटात सांडतं. क्रीम चीज गरम झालं की पातळ होऊन कडेने बाहेर येतं. ब्रेडच्या आतल्या बाजूला लोणी, मग सारण, आणि तव्यावर किंवा टोस्टरमध्ये दोन्ही बाजू खरपूस. उष्णतेने मुळ्याचा झोंबरेपणा तर उतरतोच, वर थोडी गोडी येते. मुंबईच्या सँडविचवाल्यासारखी आत हिरवी चटणी लावली तर आणखी बहार. त्या चटणीत निम्म्या कोथिंबिरीच्या जागी त्याच जुडीचा कोवळा पाला वाटून बघा.

आमच्या घरी मुळ्यावर दूध प्यायचं नाही हा नियम आजही आहे, त्यामुळे मुळा-चीज म्हटल्यावर आईने आधी हरकत घेतली होती. पण दह्यातली मुळ्याची कोशिंबीर तीच करते. चीजही विरजणासारखंच आंबवून होतं म्हटल्यावर तिने एक चतकोर घेतला, आणि मग दुसरा मागून घेतला.

डब्यासाठी दोन्ही फारसे नाहीत, हे मात्र खरं सांगते. किसलेल्या मुळ्यातली गंधकाची संयुगं वेळ जाईल तशी बदलतात आणि बंद डब्यात वास कोंडतो. डब्यात न्यायचंच असेल तर लालच्या चकत्या वेगळ्या डबीत आणि चीज लावलेला ब्रेड वेगळा, खाताना जोडा.

आणायला गेलात तर लाल मुळा दाबून बघा, मऊ लागला तर आतून स्पंजासारखा झालेला असतो. पांढरा हातात जड लागला पाहिजे. आकाराने मोठा पण वजनाला हलका असेल तर तो जून, आत जाळी पडलेली. कधी कधी लाल सालीचा लांब मुळाही दिसतो. रंगाला फसू नका, त्याला पांढऱ्यासारखंच किसून पिळून घ्यायचं. आणि वरून जांभळट, खालून पांढरा, चपटा गोल दिसला तर तो मुळा नव्हे, शलगम.

पिळलेलं पाणी ओतून देऊ नका. संध्याकाळी थालीपीठाची भाजणी त्यात भिजवा, मीठ जरा हात राखून घाला, आणि सारणाचा उरलेला कीस असेल तर तोही त्यातच थापा.