पडलेली किल्ली उचलायला कुत्रा कसा शिकतो

‘लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्या, ती जात उपजतच शहाणी असते,’ असा सल्ला व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरी हमखास मिळतो. त्यात अर्धंच खरं आहे. वस्तू तोंडात धरून आणायची ओढ लॅब्रॅडॉरला असते, पण पडलेली वस्तू उचलून मालकाच्या हातात देणारा मदतनीस कुत्रा घडायला दीड-दोन वर्षं लागतात आणि प्रशिक्षणाला घेतलेल्यांपैकी बरेच मध्येच गळतात. लातूरकडच्या पश्मी आणि कारवान जातींचे कुत्रे देखणे, काटक; पण ते डोळ्यांनी शिकार हेरणारे. समोरून मांजर पळालं की मालकाची हाक त्यांना ऐकूच येत नाही.

निवडताना जातीपेक्षा स्वभाव बघा. स्टीलचं ताट पडल्यावर कुत्रा दचकला तरी चालेल, मात्र काही सेकंदांत सावरून ताटाचा वास घ्यायला पुढे आला पाहिजे. सात आठवड्यांच्या पिल्लाच्या परीक्षेवरून पुढचं फारसं कळत नाही; एक-दीड वर्षाचा कुत्रा पारखणं बरं. मागच्या पायांच्या खुब्यांचा एक्स-रे आधीच काढून घ्या.

शिकवण्याची खरी करामत क्रमात आहे. किल्ली शोधणं, उचलणं, आणणं, मांडीपर्यंत तोंड वर करणं, हातात सोडणं, या साखळीची शेवटची कडी सगळ्यात आधी शिकवतात. सोडायचं तर आधी धरता यायला हवं, म्हणून सुरुवातीला कापड गुंडाळलेली काठी कुत्र्याच्या तोंडापुढे धरा. त्याने ती दातांत घेतली की लगेच खूण आणि मग खाऊ. खूण म्हणजे क्लिकरचा (बोटाने दाबली की टक् वाजणाऱ्या डबीचा) आवाज किंवा ‘टप’सारखा ठरलेला छोटा शब्द. ‘शाब्बास’ नको, तो आपण दिवसभर वापरतो. बोटं नीट चालत नसतील तर क्लिकरपेक्षा शब्द सोयीचा.

ही खूण इतकी प्रभावी का? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या. सुरुवातीला तोंडात रस पडला की या पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या दिवा लागतानाच उसळू लागल्या, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या अपेक्षेच्या क्षणी त्या मंदावत. सस्तन प्राण्यांत ही यंत्रणा बरीचशी सारखी असते. म्हणून ‘टप’ ऐकताच कुत्र्याच्या मेंदूत ‘आत्ता केलंस ते बरोबर’ ही नोंद पडते. पुढे मालकाचा पसरलेला हात दिसणं हीच खाऊची वर्दी होते, आणि जमिनीवरून उचलण्याचं बक्षीस म्हणजे त्या हाताकडे जायला मिळणं. प्रत्येक नवी कडी आधीच आवडत्या झालेल्या कडीकडे नेते, त्यामुळे साखळी मध्ये तुटत नाही.

बिघडतं ते वेळेत. कुत्रा काठी धरून आहे आणि तुम्ही ती पडल्यावर ‘टप’ म्हणालात, तर तो टाकायला शिकतो. धरायचा वेळ एक सेकंद, दोन, तीन असाच वाढवा. घाईने वाढवला की कुत्रा काठी चघळू लागतो. दहापैकी आठ वेळा जमलं तरच पुढची पायरी, लागोपाठ दोनदा चुकलं तर एक पायरी मागे. एका वेळी पाच मिनिटं पुरतात. खाऊ उकडलेल्या चिकनचा, हरभऱ्याएवढा, रोजच्या जेवणातून वजा करून. धातू दातांत धरायला बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून किल्लीला जाड कापडी पट्टी बांधा.

मिरगीचा झटका आधीच सांगणारा कुत्रा हमखास तयार करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. काही कुत्र्यांना तशी चाहूल लागत असावी, पण ती भरवशाने शिकवता येत नाही. झटका आल्यावर मदतीची घंटा दाबायला मात्र शिकवता येतं. कुत्रं रडलं की घरात मरण येतं, या समजुतीलाही काही आधार नाही. ते लांबच्या कुत्र्यांना किंवा भोंग्याला साद देत असतं.

परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात बाहेरचा सराव सूर्य वर यायच्या आत उरका. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे तळवेही भाजतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग गार ठेवतो. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सावलीत नेऊन लगेच गार पाणी ओता आणि ओतत ओततच दवाखाना गाठा.

शेवटचा टप्पा ज्याच्यासाठी कुत्रा आहे त्याच्याच घरात, त्याच्याच आवाजात व्हायला हवा. प्रशिक्षकाकडे पाठ झालेली साखळी कुत्रा नव्या घरी निम्मी विसरतो, आणि तिथे पुन्हा शेवटच्या कडीपासून सुरुवात करावी लागते. खुर्ची विजेची असेल तर कुत्रा जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला चालवा, म्हणजे दोरी जॉयस्टिकमध्ये अडकत नाही.