उंदीर बहिरा आहे, की दचकतच नाही?

उंदरांच्या प्रयोगशाळेत मुठीत मावेल एवढी एक पेटी असते, तिला ‘क्लिक बॉक्स’ म्हणतात. तिचं बटण दाबलं की २० किलोहर्ट्झचा, सुमारे ९० डेसिबलचा एक तुटक आवाज बाहेर पडतो. माणसाचे कान जिथे हात टेकतात, बरोबर तिथला हा आवाज. बटण दाबणाऱ्याला बहुधा बटणाचाच टकटकाट ऐकू येतो. समोरच्या उंदराच्या कानाच्या पाळ्या मात्र क्षणभर फटकन मागे जातात. एकोणिसाव्या शतकातले शरीरशास्त्रज्ञ विल्यम प्रेयर यांच्या नावावरून या हालचालीला ‘प्रेयर रिफ्लेक्स’ म्हणतात.

पाळी हलली की उंदराला ऐकू येतं, असं समजून पुढचा पिंजरा उघडायचा. तासाभरात बरेच उंदीर तपासून होतात आणि भूल द्यावी लागत नाही. पण ही चाळण फार जाड आहे. ठार बहिरा उंदीर तिच्यात अडकतो. ज्याचं निम्मं ऐकणं गेलंय तो मात्र सहज निसटतो, कारण ९० डेसिबलचा दणका त्यालाही पोचतोच.

उंदराचे कान आपल्यापेक्षा वेगळ्याच पट्टीत लावलेले असतात. आपण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो. उंदराचं ऐकणं साधारण एक-दोन किलोहर्ट्झपाशी सुरू होतं आणि ८० किलोहर्ट्झच्याही वर जातं. सगळ्यात तीक्ष्ण कान १६ किलोहर्ट्झच्या आसपास. त्यामुळे आपण त्याच्याशेजारी उभं राहून मारलेल्या गप्पांतलं बरंचसं त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही, पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की पोचतो. त्या खुळखुळाटात आपल्याला न ऐकू येणारा भाग बराच असतो. पिल्लू घरट्याबाहेर पडलं की ६०-७० किलोहर्ट्झमध्ये आईला साद घालतं आणि ती येऊन त्याला उचलून नेते. खोलीतल्या माणसांना यातलं काहीच कळत नाही. प्रयोगशाळेची खोली ‘शांत’ आहे हे ठरवताना आपल्या कानांवर विसंबू नये, ते एवढ्यासाठी.

नेमकं मोजायचं तर एबीआर, म्हणजे आवाज ऐकल्यावर श्रवणनाडीत आणि मेंदूच्या देठात उठणाऱ्या विद्युत संदेशांची चाचणी, करावी लागते. लहान मुलांच्या कानांची जी ‘बेरा टेस्ट’ आपल्याकडे करतात, तीच ही. फक्त रुग्ण पंचवीसेक ग्रॅमचा. केटामाइन-झायलाझिनची भूल देऊन उंदराला गरम गादीवर ठेवतात, कारण अंग गार पडलं की मेंदूचे संदेश संथ होतात आणि आकडे चुकतात. उघड्या राहिलेल्या डोळ्यांना मलम लावतात. कातडीखाली तीन बारीक सुया जातात: एक टाळूवर, एक कानामागे, एक अर्थिंगसाठी. मग स्पीकरमधून एकच आवाज शेकडो वेळा वाजवायचा आणि मिळालेल्या सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. एकट्यादुकट्या नोंदीत हृदयाची धडधड आणि स्नायूंची वळवळ एवढी मिसळलेली असते की मेंदूचा मायक्रोव्होल्टांतला संदेश दिसतच नाही. सरासरी काढली की साताठ मिलिसेकंदांच्या आत ओळीने पाच उंचवटे वर येतात. पहिला उंचवटा श्रवणनाडीचा, पुढचे मेंदूच्या देठातल्या एकेका टप्प्याचे. आवाज पाच-पाच डेसिबलने उतरवत न्यायचा. उंचवटे जिथे शेवटचे दिसतात तो त्या उंदराचा उंबरठा.

दचकण्याची चाचणी दिसायला याहून सोपी आहे, पण फसवी. उंदराला अरुंद पारदर्शक नळीत ठेवतात. नळी एका फळीवर, फळीखाली हादरे मोजणारा सेन्सर. भोवती ६५-७० डेसिबलचा एकसारखा खरखराट चालू असतो. पाचेक मिनिटं त्याला तिथे रुळू द्यायचं आणि मग अचानक १२० डेसिबलचा, ४० मिलिसेकंदांचा दणका. दहाएक मिलिसेकंदांत उंदराचं अंग आक्रसतं आणि फळी थरथरते. इतक्या थोड्या वेळात विचाराला जागाच नसते. आतल्या कानातून मेंदूच्या देठातल्या पॉन्सच्या एका छोट्या केंद्रात आणि तिथून थेट मणक्यातल्या चेतापेशींकडे, एवढाच रस्ता. दोन दणक्यांमधलं अंतर दर वेळी बदलावं लागतं, नाहीतर उंदराला पुढच्याची चाहूल लागते. शिवाय वजनदार उंदीर फळी जास्त हलवतो, हेही हिशेबात धरायचं.

खरी गंमत यापुढे आहे. दणक्याच्या १०० मिलिसेकंद आधी एक हलका आवाज, समजा ८० डेसिबलचा, वाजवला तर उंदीर कमी दचकतो. नुसत्या दणक्याला सेन्सरने ४०० दाखवले आणि हलक्या आवाजानंतर १६०, तर दचकणं ६० टक्क्यांनी दबलं. याला ‘प्रीपल्स इन्हिबिशन’ म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही दबण्याची क्रिया कमकुवत असते, हे डेव्हिड ब्रॅफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं. माणसांत डोळ्यांची उघडझाप मोजतात, उंदरात अख्खं अंग. तेव्हापासून मानसिक आजारांवरची औषधं आणि जनुकं तपासायला ही चाचणी सर्रास वापरली जाते.

आता अडचण पाहा. समजा दचकणं दबण्याचा हा टक्का २० वरच राहिला. उंदराच्या मेंदूत बिघाड आहे, की त्याला तो हलका आवाज ऐकूच आला नाही? सेन्सरवरचा आकडा दोन्ही वेळा तोच.

ही शंका नुसती पुस्तकी नाही. जगात सर्वाधिक वापरला जाणारा उंदरांचा वंश म्हणजे सी५७बीएल/६. २००२ मध्ये उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला तो याच वंशाचा. आणि हा वंश हळूहळू बहिरा होत जातो. कॅडहेरिन-२३ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात त्याला एक अक्षर चुकीचं मिळालेलं आहे. आतल्या कानातल्या केसपेशींवरचे केस एकमेकांना सूक्ष्म दोऱ्यांनी बांधलेले असतात, त्या दोऱ्या विणायला हे प्रथिन लागतं. काही महिन्यांतच वरच्या पट्टीचे आवाज जाऊ लागतात, पुढे खालचेही. डीबीए/२ वंशात तर याची सुरुवात अगदी कोवळ्या वयात होते. उलट सीबीए/सीएजे वंशाचे उंदीर म्हातारपणापर्यंत बरं ऐकतात. याच जनुकात मोठा बिघाड असलेले ‘वॉल्ट्झर’ उंदीर जन्मापासून बहिरे असतात आणि जागच्या जागी गरागरा फिरतात, कारण तोल सांभाळणाऱ्या केसपेशीही निकामी असतात. माणसात या जनुकातल्या बिघाडाने अशर सिंड्रोमचा एक प्रकार होतो, ज्यात बहिरेपणापाठोपाठ दृष्टीही कमी होत जाते.

बहिरेपणाबरोबर प्रीपल्सचा परिणाम सरळ घटत गेला असता तर हिशेब करता आला असता. पण जेम्स विलॉट यांच्या प्रयोगांत उलटंच दिसलं. सी५७ उंदरांचे वरच्या पट्टीचे आवाज गेले, तसा मध्यम पट्टीतला हलका आवाज दचकणं आधीपेक्षा जास्त दाबू लागला. वरच्या आवाजांसाठी राखीव असलेल्या मेंदूतल्या पेशी रिकाम्या बसल्या नाहीत, शाबूत राहिलेल्या आवाजांना साथ देऊ लागल्या. म्हणजे अर्धबहिरा उंदीर एखाद्या आवाजाला निरोग्यापेक्षा ‘चांगला’ निकाल देऊ शकतो. याहून गोंधळात टाकणारी चाचणी मला तरी ठाऊक नाही.

म्हणून दोन्ही चाचण्या जोडीने वाचाव्या लागतात. एकेक जनुक बंद करून उंदीर तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दचकण्याची चाचणी साधारण दहाव्या आठवड्यात होते आणि एबीआर चौदाव्यात, क्लिकबरोबरच ६ ते ३० किलोहर्ट्झच्या पाच आवाजांवर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत ३,००६ जनुकांपैकी ६७ बंद केल्यावर उंदरांचं ऐकणं बिघडलेलं आढळलं. त्यांतल्या ५२ जनुकांचा बहिरेपणाशी संबंध तोवर माहीतच नव्हता. त्या उंदरांपैकी एखादा दहाव्या आठवड्यात नळीत गप्प बसला असेल, तर त्याच्या मेंदूवर निबंध लिहायच्या आधी चौदाव्या आठवड्याचा आलेख उघडलेला बरा.