मेननेट की टेस्टनेट? ॲड्रेस पाहून नाही समजत भाऊ

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच स्क्रीनशॉट फिरून फिरून येते. कोणाच्या तरी वॉलेटमध्ये (क्रिप्टो ठेवायचं ॲप) ढीगभर इथर (इथेरियम नेटवर्कचं कॉइन), अन् खाली लिहिलेलं, "ॲड्रेस चेक केला, बरोबर हाय". ॲड्रेस म्हणजे खाते नंबर, तो बरोबरच राहणार ना भाऊ, त्यानं काहीच सिद्ध होत नाही!

वॉलेट काय, सीड फ्रेज (वॉलेट परत उघडायचे गुप्त शब्द) काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मेननेटवर खरा पैसा, टेस्टनेटवर डेव्हलपर लोकांचा सराव, तिथलं इथर फॉसेटवरून (टेस्ट कॉइन वाटणारी वेबसाइट) फुकट. एवढं तं सगळ्यांनाच पाठ आहे. २०२३ मध्ये गोअर्ली टेस्टनेटचं इथर लोकांनी पैसे मोजून घेतलं, अन् ते नेटवर्क पुढं बंदच पडलं, म्हणून टेस्टचं कॉइन कोणी विकत असेल तं सरळ ब्लॉक करा.

खरा घोळ ॲड्रेसचा आहे. बिटकॉइनमध्ये पहिली अक्षरं पाहिली की समजते, खरा ॲड्रेस १, ३ नाहीतर बीसी१ नं सुरू होते, टेस्टवाला एम, एन, २ नाहीतर टीबी१ नं. तिथून आलेले लोक इथेरियममध्ये पण तसंच शोधत बसतात अन् तिथं तसं काहीच नाही. एका प्रायव्हेट कीमधून (खात्याची गुप्त चावी) निघालेला तुमचा शून्य-एक्सवाला ॲड्रेस मेननेटवर तोच, सेपोलिया टेस्टनेटवर तोच, पॉलिगॉन अन् बीएनबी चेन या दुसऱ्या नेटवर्कांवरही तोच. गट नंबर ४५ कोण्याही गावात असू शकते, गाव सांगितल्याशिवाय वावर कोणाचं ते कळत नाही, तसंच हे. गावाच्या जागी इथं चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा नंबर. इथेरियम मेननेट १, सेपोलिया १११५५१११. पॉलिगॉन १३७, त्याचं टेस्ट अमॉय ८०००२. बीएनबी चेन ५६, तिचं टेस्ट ९७. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा पाहा.

नावावर तं मुळीच जाऊ नका. नेटवर्क हातानं ॲड करता येते, त्यात नाव आपण टाइप करू तेच दिसते. वॉलेट वॉर्निंग देते, पण पोट्टे न वाचता ओके दाबून मोकळे होतात, याचा मला फार राग येते. यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) नावाचं टोकनही सेपोलियावर कोणीही बनवू शकते.

फसवणूक कशी होते ते सांगतो. जुनी गाडी विकायला काढली, घेणारा म्हणते यूएसडीटी टाकतो, तुमच्याच फोनवर "सेटिंग करून देतो" म्हणून नेटवर्क बदलते अन् टोकन ॲड करून देते. रक्कम दिसते. लिंक उघडली तं एक्सप्लोररवर (व्यवहार दाखवणारी वेबसाइट) हिरव्या अक्षरात सक्सेस, गॅस फी (व्यवहाराचं शुल्क) पण कटलेली. ते सक्सेस खोटं नाहीच, व्यवहार खरंच झाला, पण सेपोलियावर. टेस्टनेटवर पण व्यवहारांच्या नोंदींचे ब्लॉक बनतात, फी लागते, सगळं तसंच चालते. म्हणून समोरच्यानं दिलेली लिंक उघडायचीच नाही. आपण स्वतः मेननेटचं इथरस्कॅन (इथेरियमचा एक्सप्लोरर) उघडायचं, आपला ॲड्रेस टाकायचा, अन् खऱ्या यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टवरून (नेटवर्कवर चालणारा प्रोग्रॅम) रक्कम आली का ते पाहायचं. कॉन्ट्रॅक्टचा ॲड्रेस यूएसडीटी काढणाऱ्या टेदर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यायचा. तिथं दिसली नाही तं चावी द्यायची नाही, मंग तो कितीही घाई करो.

उलटा घोळही तितकाच महागात पडते, अन् यात कॉलेजचे पोट्टेच जास्त अडकतात. कॉन्ट्रॅक्ट सेपोलियावर टाकलं, ॲड्रेस कॉपी केला, वॉलेट मेननेटवर होतं, अन् खरं इथर त्या ॲड्रेसवर पाठवून दिलं. मेननेटवर त्या ॲड्रेसवर कॉन्ट्रॅक्टच नाही, तरी व्यवहार अडत नाही, पैसे जाऊन बसतात. ज्या खात्यातून कॉन्ट्रॅक्ट टाकलं त्याच खात्यातून, तोच नॉन्स (खात्याच्या व्यवहाराचा अनुक्रमांक) जुळवून, पैसे काढता येतील असं कॉन्ट्रॅक्ट मेननेटवर टाकलं तं सुटू शकतात. पण त्या खात्यातून मेननेटवर आधीच पुढचे व्यवहार होऊन गेले असतील, तं तो नॉन्स परत मिळत नाही. म्हणून सरावासाठी नवीन सीड फ्रेजचं वेगळं वॉलेट करा अन् त्यात खरा एक रुपयाही टाकू नका. त्याच वॉलेटमध्ये नुसतं दुसरं अकाउंट काढून चालत नाही, सीड फ्रेज फुटली की दोन्ही जातात.