पावलं मोजली, कॅलरी मानली

सकाळी सहाच्या सुमारास विजापूर रोडवरच्या धर्मवीर संभाजी तलावाकडे (जुन्या सोलापूरकरांच्या तोंडी तो अजून कंबर तलावच) फिरायला येणाऱ्यांचं बोलणं पूर्वी रामराम, पाऊसपाणी, गुडघे या क्रमानं जायचं. आता दुसऱ्याच वाक्याला स्मार्ट घड्याळ बांधलेलं मनगट पुढं येतं. "काय मालक, किती झालं?" "साडेसहा हजार. तीनशे दहा कॅलरी." हे दोन आकडे एकाच पडद्यावर, एकाच जाडीच्या अक्षरांत उमटतात, म्हणून दोन्ही सारख्याच भरवशाचे वाटतात. पण त्यांची घराणी वेगळी आहेत. पावलं घड्याळ मोजतं. कॅलरी ते मानून चालतं.

कॅलरी हा शब्द स्वयंपाकघरातून आलेला नाही, तो वाफेच्या इंजिनांच्या काळातला. पॅरिसमध्ये १८१९ ते १८२४ या वर्षांत निकोला क्लेमाँ उष्णतेवर व्याख्यानं देत, त्यांत तो आला. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. आहारातली कॅलरी आजही हीच. शास्त्राच्या पुस्तकात तिला किलोकॅलरी म्हणतात. त्याआधी, १७८०च्या दशकात, लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते तोललं. शरीर म्हणजे मंद आचेवर धुमसणारी चूल, ही कल्पना तिथून पक्की झाली.

माणसाला भांड्यात बसवण्याचं काम अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी केलं. १८९०च्या दशकात वेस्लियन विद्यापीठात त्यांनी दुहेरी भिंतींची एक छोटी खोली उभारली. आतल्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता नळ्यांतून फिरणारं पाणी वाहून नेई आणि ते पाणी किती तापलं यावरून हिशेब लागे. आत गेलेला माणूस दिवसेंदिवस तिथंच राही, जेवे, झोपे, जागच्या जागी सायकल मारी. त्याचा श्वास आणि मलमूत्रसुद्धा मोजलं जाई. प्रथिनं आणि पिष्ट यांना ग्रॅममागं ४ आणि स्निग्धाला ९ कॅलरी, हे बिस्किटाच्या पुड्यामागच्या आकड्यांमागचं गणित ॲटवॉटर यांच्याच कामातून आलं. खर्च झालेली कॅलरी खरोखर मोजायची तर असली खोली लागते, नाहीतर तोंडाला मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू तरी मोजावा लागतो. मनगटावरच्या पट्ट्यात यातलं काहीच नसतं.

आपल्याकडचे तक्ते नंतर आले. १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. तीच संस्था पुढं १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ कॅलरी आहेत, तर ५२८ पदार्थांच्या २०१७ च्या नव्या तक्त्यात ३३४. ज्वारी तीच, फक्त पृथक्करणाची आणि हिशेबाची रीत बदलली. ताटातली बाजूसुद्धा अशी हलती आहे, हे घड्याळाला नावं ठेवण्याआधी लक्षात घ्यावं.

सोलापूरला हा हिशेब अगदीच नवा नाही. फक्त तेव्हा त्याला कॅलरी म्हणत नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. १८७७ च्या सुरुवातीला इंग्रज सरकारचे दुष्काळासाठीचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी उतरवून पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आजच्या तक्त्यानं ती ज्वारी पंधराशेच्या आतबाहेर कॅलरी भरते, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. ज्यांना पोटभर मिळत नव्हतं त्यांच्यासाठी मांडलेला हा जमाखर्च दीडशे वर्षांनी त्याच गावात, जास्त झालेलं उतरवायला, लोक हौसेनं मनगटावर बांधतात.

आता घड्याळ मानतं म्हणजे काय करतं? १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया मोजून एक सूत्र मांडलं: वजन, उंची, वय आणि स्त्री की पुरुष एवढं सांगितलं की माणूस नुसता पडून राहिला तरी किती ऊर्जा खर्च होते ते काढता येतं. पुढं मेट हे माप रूढ झालं. नुसतं बसणं म्हणजे १ मेट, किलोमागं तासाला साधारण एक कॅलरी. ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालणं म्हणजे सुमारे साडेतीन. १९९३ मध्ये बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी शेकडो हालचालींचे मेट एका यादीत आणले. घड्याळं प्रत्येक कंपनीची स्वतःची, झाकलेली सूत्रं वापरतात, पण मुळं याच जातीची. घड्याळ घेतल्यावर ॲप पहिल्यांदा वजन आणि उंची विचारतं ते यासाठीच. त्यात लग्नाच्या वेळचं वजन भरलं, तर आकडाही तेव्हाच्याच माणसाचा येतो.

सत्तर किलोचा माणूस तासभर चालला तर ३.५ गुणिले ७०, म्हणजे २४५ कॅलरी. त्यातल्या ७० तो घरी पेपर वाचत बसला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याच्या नावावर उरतात १७५. इकडं पाऊणशे ग्रॅम पिठाची एक भाकरी अडीचशेच्या पुढं जाते, आणि तिच्यावर दोन चमचे शेंगाचटणी पडली की गेलाच हिशेब. काही घड्याळं पडून राहण्याचा खर्चही एकूण आकड्यात धरतात. म्हणून पहाटे साडेपाचला डोळे उघडल्या उघडल्या साडेतीनशे कॅलरी जळालेल्या दिसतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना वाटत होतं की आपण झोपेत चालतो. शिवाय भारतीय प्रौढांचा पडून राहण्याचा खर्च परदेशी सूत्रांपेक्षा कमी भरतो म्हणून आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आपल्या शिफारशींत तो काहीसा कमी धरला. घड्याळ हे धरतं की नाही, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पावलांची कथा सुटसुटीत आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा कंपनीनं कमरेला अडकवायचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. दहा हजार हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे, त्या नावातून जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवरचा आय-मिन ली यांचा अभ्यास आला. त्यात मृत्यूचं प्रमाण साडेसात हजार पावलांपर्यंत उतरत गेलं आणि पुढं फारसा फरक पडला नाही. यंत्राच्या बाजूनं मात्र त्याच्या बरंच आधी तोल आणि धक्का ओळखणारी चिप इतकी लहान झाली की मोबाइल आणि गेमच्या रिमोटमध्येही मावू लागली, आणि २००९ च्या अखेरीस फिटबिटनं तिचा कमरेला लावायचा चिमटा विकायला काढला.

मनगटावर हे यंत्र आलं आणि नवीच भानगड झाली, कारण मनगट पाय मोजत नाही, हात मोजतं. सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, गड्ड्याच्या यात्रेत तैलाभिषेकाच्या दिवशी सात नंदीध्वज सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना जातात. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी तो उंच काठी हातांनी तोलून धरतो. हात हलत नाहीत, पावलं निम्मी गाळली जातात, आणि अंगावर किती भार आहे हे तर पट्ट्याला कधीच कळत नाही. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गेलं की बसल्या जागी पावलं पडतात.

नाडीचं घराणं निराळं. फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून घड्याळाला बिनतारी ठोके पाठवले. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची भरती-ओहोटी टिपण्याचं तंत्र मात्र १९३०च्या दशकातलं. कोविडमध्ये घराघरांत आलेला ऑक्सिमीटर त्याच जातीचा. तिथं लाल आणि अवरक्त, घड्याळात हिरवा, कारण रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. पट्टा सैल असला, घामानं घसरला की ठोके चुकतात. आणि ठोके बरोबर असले तरी सोलापूरचा मे महिना आहेच. चाळीसच्या वर पारा गेला की शरीर थंड राखण्यासाठी रक्त कातडीकडं वळतं, त्याच चालीला हृदय जोरात धडधडतं, आणि घड्याळाला वाटतं माणूस पळतोय.

अंतराचं श्रेय उपग्रहांना. अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, शंभरेक मीटरची. १ मे २००० ला ती बंद करण्याचा आदेश निघाला आणि २००३ मध्ये गार्मिनचं धावपटूंसाठीचं जीपीएस घड्याळ आलं. आजही तलावाची फेरी नकाशावर पाहावी, माझी रेघ एका वळणाला पाण्यातून जाते.

सगळे धागे एकत्र आणून कॅलरी कितपत जुळते, हे स्टॅनफर्डमध्ये ६० जणांवर सात यंत्रं लावून तपासलं गेलं. २०१७ च्या त्या अभ्यासात सातपैकी सहा यंत्रांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीत सर्वांत बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. सायकलीपेक्षा चालण्यात चूक जास्त, सावळ्या कातडीवर जास्त. म्हणजे नेमके आपण. यंत्रं तेव्हापासून सुधारली असतील, तरी "तीनशे दहा" ऐकलं की मी मनात दोनशे ते चारशे असं धरतो, आणि त्या भरवशावर भजी मागवत नाही.

गेल्या रविवारी माझं घड्याळ आईच्या हातात बांधलं. ती ओट्याशी उभी, परातीत पीठ, हात थापटतोय, भाकरी फिरतेय, पाय जागचे हललेले नाहीत. नऊ भाकऱ्या झाल्यावर पाहिलं तर दोनशे चाळीस पावलं. तिला दाखवलं. पिठाचा हात पदराला पुसत ती म्हणाली, "मग अर्ध्या वाटेवर आहे म्हण की. अजून नऊ थापल्या की तलाव येईल."